अन्न मोजावे की अंदाजाने धरावे? घरच्या जेवणाच्या कॅलरी मोजणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या मराठी जेवणाच्या कॅलरी मोजायला बसले की जे प्रश्न हमखास पडतात आणि जे वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सर्व आकडे व्यवहारापुरते पूर्णांकात घेतले आहेत. धान्याची जात, पिठाचा दळ आणि वापरलेली सारणी यांनुसार त्यांत थोडा फरक पडतो, परंतु त्यामुळे हिशेबाची पद्धत बदलत नाही.

१. कॅलरी मोजायच्या म्हणजे प्रत्येक पदार्थ काट्यावर ठेवूनच खायचा का?

नाही. काटा कोठे हवा आणि कोठे नको, हे ओळखणे हाच या कामाचा गाभा आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी असतात, एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात किंवा प्रथिनात ४, आणि पाण्यात शून्य. त्यामुळे १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी भरतात, तर १०० ग्रॅम तेलात ९००. काकडीचा अंदाज ५० ग्रॅमांनी चुकला तरी आठ कॅलरींपेक्षा जास्त फरक पडत नाही; तेलाचा अंदाज १० ग्रॅमांनी चुकला, आणि तो सहज चुकतो, तर ९० कॅलरी नोंदीतून निसटतात.

म्हणून तेल, तूप, लोणी, दाण्याचे कूट, खोबरे, काजू, साखर आणि गूळ यांचे वजन करावे. धान्य, डाळ आणि पीठ कच्चे असतानाच मोजावे. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, दुधी, पडवळ आणि पातळ ताक यांच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबण्यास हरकत नाही. बटाटा, रताळे, केळे आणि आंबा मधल्या गटात येतात. सुरुवातीचे काही दिवस ते मोजावेत, पुढे नजर बसते.

२. कॅलरी आणि किलोकॅलरी यांत फरक काय? काही ठिकाणी किलोज्यूलही लिहिलेले असतात.

आहाराच्या संदर्भात आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेतली किलोकॅलरी असते. या पानावरही तोच अर्थ आहे. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या सारणीत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, त्यामुळे तेथील आकडा ४.१८४ ने भागूनच वहीत उतरवावा.

३. वजनकाटा कसला घ्यावा, आणि तो बरोबर दाखवतो हे कसे ओळखावे?

एका ग्रॅमपर्यंत वाचणारा आणि पाच किलोपर्यंत वजन पेलणारा साधा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. भांडे ठेवून आकडा शून्यावर आणण्याचे बटण त्याला असले पाहिजे. काटा कडक व सपाट ओट्यावर ठेवावा. खाली फडके किंवा वर्तमानपत्र असेल तर आकडा हलतो. तपासणी घरीच होते. मापाच्या भांड्याने ५०० मिलिलिटर पाणी घालून पाहावे, ते ५०० ग्रॅमच्या अगदी जवळ भरले पाहिजे.

दोन-तीन ग्रॅमांच्या बाबतीत मात्र असे काटे कच्चे ठरतात, कारण हळूहळू पडणारी धार किंवा चिमूट त्यांच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी वजाबाकीची पद्धत वापरावी: तुपाची बरणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, तूप काढून घ्यावे आणि बरणी परत ठेवावी. जो उणे आकडा दिसतो, तेवढे तूप आपण घेतले. ही पद्धत चटणी, मध, जॅम आणि दाण्याच्या कुटाच्या डब्यालाही तितकीच सोयीची आहे आणि तिच्यात वेगळे भांडे खरकटे होत नाही.

४. पाककृतीत आणि ॲपमध्ये “एक वाटी” लिहिलेले असते. ती वाटी नेमकी किती?

याचे एकच एक उत्तर नाही, आणि घरगुती नोंदींमधल्या बऱ्याच चुका येथूनच सुरू होतात. आमच्या मांडणीवरच्या तीन स्टीलच्या वाट्या मी पाण्याने काठोकाठ भरून मोजल्या, तेव्हा सर्वांत लहान वाटी ११० मिलिलिटरची, रोजच्या ताटातली १६० ची आणि आमटीची खोलगट वाटी २१० ची निघाली. तिन्हींना घरात “वाटी”च म्हणतात. म्हणजे एकाच वरणाची नोंद कोणती वाटी हाताशी आली यावर जवळपास दुप्पट होऊ शकते.

त्यातही वाटी सपाट भरली की शीग लावून, आणि पीठ चाळून मोकळे घातले की दाबून भरले, यांनी वजन बदलते. आपली जुनी चिपटे, मापटे आणि पायली ही मापेही आकारमानाचीच होती आणि धान्य मोजायला ती चांगली होती, कारण दाणा फारसा दबत नाही, पीठ दबते. यासाठी घरातली एकच वाटी ठरवावी, ती पाण्याने मोजून तिचे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि पीठ, कूट व किसलेले खोबरे यांना वाटी न लावता काटाच लावावा.

५. फोडणीला तेल अंदाजानेच ओतले जाते. ते कसे मोजावे?

एका पदार्थापुरताच काटा वापरायचा असेल, तर तो तेलासाठी वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेले असते, म्हणजे तेल पाण्यापेक्षा हलके आहे. या हिशेबाने ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम तेल आणि सुमारे ४० कॅलरी, तर १५ मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरींच्या आसपास. घरात वापरला जाणारा “चमचा” या दोहोंपैकी कोणताच नसतो. तो चहाचा असतो, पोह्यांचा असतो किंवा तेलाच्या भांड्यातली पळी असते.

मी कित्येक आठवडे आमच्या बटाट्याच्या भाजीपुढे “तेल दोन चमचे” असे लिहीत होतो आणि त्याच्या ८० कॅलरी धरत होतो. एके दिवशी तेलाचे भांडे भाजीच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवले. पहिल्यांदा भांडे ६४२ ग्रॅम भरले, फोडणी झाल्यावर ६०४. म्हणजे ३८ ग्रॅम तेल गेले होते, सुमारे ३४० कॅलरींचे. तेलाची पळी चमच्यापेक्षा बरीच खोल असते आणि मोहरी तडतडेपर्यंत हात पुन्हा एकदा भांड्याकडे जातो, या दोन गोष्टी माझ्या नोंदीत कधी आल्याच नव्हत्या.

रोज भांडे तोलणे जमत नसेल, तर महिन्याचा हिशेब करावा. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर २,७३० ग्रॅम भागिले १२० असे करून माणशी रोजचे जवळपास २३ ग्रॅम येतात, म्हणजे साधारण २०५ कॅलरी. तळणीचे टाकून दिलेले तेल यातून वजा करावे लागते (प्रश्न ६ पाहा), पण आपली रोजची नोंद या सरासरीच्या बरीच खाली असेल, तर ती नोंदच चुकली आहे असे समजावे.

६. तळलेल्या पदार्थात किती तेल शिरले हे कसे कळणार?

कढई तेलासकट तळण्याआधी तोलावी आणि तळण झाल्यावर पूर्ण निवली की पुन्हा तोलावी. समजा बारा पुऱ्या तळल्यावर वजन ८४ ग्रॅमने कमी झाले, तर दर पुरीमागे ७ ग्रॅम तेल आणि ६३ कॅलरी धराव्यात. कागदाने टिपलेले आणि बाहेर उडालेले तेलही यात मोजले जाते, त्यामुळे आकडा किंचित जास्त येतो. तो तसाच राहू द्यावा. गरम तेलाची कढई उचलून काट्यावर ठेवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

७. भात आणि डाळ कच्ची मोजावी की शिजल्यावर?

कच्ची मोजावी, आणि नोंद करताना आकडाही कच्च्या पदार्थाचाच घ्यावा. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात. तो शिजून अडीच ते तीनपट वजनाचा होतो, पण वाढलेले सगळे वजन पाण्याचे असल्यामुळे १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरीच उरतात. कोणी १५० ग्रॅम भात ताटात घेऊन ॲपमध्ये चुकून तांदळाची नोंद निवडली, तर १९५ च्या जागी ५२५ कॅलरी लागतात. उलट दिशेने चूक झाली, तर दिवसभराचा हिशेब फसवा हलका दिसतो.

शिजलेल्या भाताचे वजन किती पाणी घातले त्यावर ठरते. मोकळा मसालेभात आणि आजारी माणसासाठी केलेला गुरगुट्या भात यांच्या एका वाटीत सारखे तांदूळ नसतात. वरणाचेही तसेच आहे: १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण ३३० कॅलरी असतात, मग तिचे घट्ट वरण करा किंवा पातळ आमटी. घरातल्या सर्वांसाठी एकत्र शिजवले असेल, तर प्रश्न ८ मधली पद्धत वापरावी.

८. भाजी चौघांची एकत्र होते. माझ्या ताटातल्या वाट्याच्या कॅलरी कशा काढू?

रिकाम्या कढईचे वजन एकदा करून लिहून ठेवावे. पातेली, कढया आणि कुकरची भांडी यांची वजने ओट्याजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, तर हा भाग कायमचा सुटतो. नंतर घालायचे जिन्नस मोजावेत, भाजी झाल्यावर कढई पुन्हा तोलावी आणि एकूण कॅलरींना तयार भाजीच्या वजनाने भागावे.

भरल्या वांग्यांचे उदाहरण घेऊ. वांगी ५०० ग्रॅम म्हणजे १२५ कॅलरी, दाण्याचे कूट ६० ग्रॅम म्हणजे ३३०, सुके खोबरे २० ग्रॅम म्हणजे सुमारे १३०, तेल ४० ग्रॅम म्हणजे ३६०, गूळ १५ ग्रॅम म्हणजे ५७, कांदा १०० ग्रॅम म्हणजे ४५. गोडा मसाला, तिखट आणि मीठ सोडून दिले तरी चालते. एकूण १,०४७ कॅलरी झाल्या. तयार भाजी ७८० ग्रॅम भरली, तर दर ग्रॅमला १.३४ कॅलरी पडतात, आणि १३० ग्रॅम भाजी घेणाऱ्याच्या वाट्याला साधारण १७५ येतात.

या यादीकडे नीट पाहिले, तर प्रश्न १ मधले तत्त्व लगेच ध्यानात येते. जिच्या नावाने भाजी ओळखली जाते, त्या वांग्याच्या १२५ कॅलरी आहेत. तेल, कूट आणि खोबरे मिळून ८२० आहेत. ॲपमध्ये “वांग्याची भाजी, एक वाटी” अशी तयार नोंद निवडणाऱ्याला त्या नोंदीत कूट किती धरले आहे, हे कळण्याचा कोणताच मार्ग नसतो. हीच भाजी दर पंधरवड्याला होत असेल, तर एकदा काढलेला दर ग्रॅमचा आकडा पुढे वापरता येतो. अट इतकीच की तेल आणि कूट मागच्याइतकेच पडले पाहिजे.

रस्सा आणि फोडी वेगळ्या असलेल्या पदार्थात वाढण्यापूर्वी नीट ढवळावे, कारण तवंग वर जमतो आणि पहिल्यांदा वाढून घेणाऱ्याच्या वाटीत तेल जास्त जाते.

९. पोळी आणि भाकरी कशी मोजावी?

तयार पोळी तोलण्यापेक्षा कणीक भिजवतानाच पीठ मोजावे आणि त्यात किती पोळ्या झाल्या ते पाहावे. ३०० ग्रॅम कणकेच्या दहा पोळ्या झाल्या, तर एकीत ३० ग्रॅम पीठ आणि सुमारे १०० कॅलरी आहेत. घडीच्या पोळीच्या आतले तेल, वरून लावलेले तूप आणि लाटताना लावलेली पिठी त्यात मिळवावी लागते. एक चमचा तूप, म्हणजे पाच ग्रॅम, ४५ कॅलरींची भर घालते, हे पुरणपोळीच्या दिवशी विशेष लक्षात ठेवावे.

भाकरीचे पीठ प्रत्येक वेळी वेगळे मळले जात असल्यामुळे तिचा हिशेब आणखी सोपा आहे. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण २०० कॅलरींची होते. भाकरीत तेल नसते, म्हणून ती हलकी मानली जाते. पण एक जाड भाकरी बहुधा दोन पोळ्यांएवढी भरते, आणि सोबतचा ठेचा किंवा दाण्याची चटणी वेगळी मोजायची असते.

१०. हे आयुष्यभर मोजत राहायचे का?

नाही. तीन-चार आठवडे मन लावून मोजावे आणि त्या काळात एक सवय ठेवावी: आधी अंदाज लिहावा, मग पदार्थ काट्यावर ठेवावा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसू लागले की आपली नजर कोणत्या पदार्थात आणि कोणत्या दिशेने चुकते, ते कळते. नुसते मोजल्याने नजर शिकत नाही.

त्यानंतर घरचे नेहमीचे पदार्थ अंदाजाने धरावेत, तेल आणि कूट मात्र मोजतच राहावे. महिन्यातून तीन-चार दिवस पुन्हा सगळे तोलून पाहावे, कारण अंदाज हळूहळू सैल होत जातो. वाढप जितके मोठे, तितका अंदाज कमी पडतो. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांचे प्रत्यक्ष सेवन आणि त्यांनी दिलेली नोंद ताडून पाहिली, तेव्हा नोंद सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाली.

११. मूठ, ओंजळ, चिमूट या मापांवर विसंबता येते का?

आपलाच हात आणि आपणच आधी मोजलेली मूठ असेल, तर येते. आपली एक मूठ शेंगदाणे काट्यावर घालून पाहावेत. ३० ग्रॅम भरले, तर सुमारे १६५ कॅलरी झाल्या. दुसऱ्याच्या मुठीचे माप आपल्याला लागू पडत नाही.

१२. उपवासाच्या दिवशी कमी खाल्ले जाते, तरी मोजावे का?

त्या दिवशी अवश्य मोजावे. ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, १० ग्रॅम तूप आणि ५० ग्रॅम बटाटा एवढ्या जिनसांची खिचडी ५३० कॅलरींच्या घरात जाते, आणि ती एका बशीत मावते. साबुदाणा भिजवण्यापूर्वी मोजावा; भिजल्यावर त्याचे वजन वाढते, कॅलरी वाढत नाहीत.

१३. दूध आणि चहा यांचे काय? आम्ही तर साय काढतो.

टोन्ड दुधात ३ टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. १०० मिलिलिटरला अनुक्रमे सुमारे ६० आणि ८५ ते ९० कॅलरी धराव्यात. फुल क्रीम ६० मिलिलिटर आणि दोन चमचे साखर घातलेला कप ९० कॅलरींच्या आसपास जातो. दिवसात असे चार कप झाले, तर एका जेवणाएवढी भर पडते.

साय काढलेल्या दुधाचा नेमका आकडा घरी काढता येत नाही, कारण साय काढल्यावरही स्निग्धांशाचा बराच भाग दुधात राहतो. अशा वेळी दुधाची नोंद पिशवीवर लिहिल्याप्रमाणेच करावी आणि सायीचे दही, लोणी किंवा तूप खाताना ते वेगळे लिहावे. दोनदा मोजले गेल्याने आकडा थोडा वाढतो, पण गाळला मात्र जात नाही.

१४. मासे, चिकन आणि मटणाच्या हाडांचे वजन कसे धरावे?

जेवण झाल्यावर ताटातली हाडे किंवा काटे तोलून वाढलेल्या वजनातून वजा करावेत. चिकन शिजल्यावर पाणी सुटून त्याचे वजन साधारण चतुर्थांशाने घटते, म्हणून कच्च्या वजनाला शिजलेल्या चिकनचा आकडा लावू नये. तळलेल्या बांगड्याचा रवा आणि तेल, तसेच कोकणी व गोव्याच्या कालवणातला ओला नारळ यांची नोंद माशापासून वेगळी ठेवावी.

१५. मिसळ, वडापाव किंवा लग्नातले जेवण यांत काटा कसा वापरणार?

वापरू नये, तेथे अंदाजच योग्य आहे. पदार्थ मनात सुटा करून त्याचे भाग लिहावेत. ४५ ग्रॅमचा पाव १२० कॅलरी, वड्यातला बटाटा ५०, बेसन ५५, शोषलेले तेल ८० आणि सुकी चटणी २५ असे धरले, तर एक वडापाव ३०० ते ३५० मध्ये बसतो. मिसळीत फरसाण आणि तर्री यांवर सारे अवलंबून असते. तर्री पुन्हा घेतली, तर तीही लिहावी. आकड्यांत शंका असेल, तेव्हा वरचा आकडा घ्यावा, कारण बाहेरच्या स्वयंपाकात तेल घरच्यापेक्षा सढळ असते.

१६. आम्ही परदेशात राहतो. तेथील कप आणि चमचे वापरून हिशेब चुकतो का?

चुकू शकतो. अमेरिकेत कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात २५० चा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, त्यामुळे तेथे मोजलेल्या तीन चमचे तेलात इतरत्रच्या चार चमच्यांएवढे तेल येते. ग्रॅममध्ये मोजले की हा प्रश्नच उरत नाही.

१७. सगळे मोजूनही वजन हलत नाही. चूक कोठे आहे?

प्रथम प्रश्न ५ आणि ७ मधल्या चुका तपासाव्यात. त्यानंतर नोंदीबाहेर राहिलेले घास शोधावेत: स्वयंपाक करताना चाखलेले, मुलाच्या ताटात उरले म्हणून खाल्लेले, प्रसादाचे आणि सुट्टीच्या दिवशीचे. शरीरातल्या पाण्यामुळे वजन रोज किलो-दीड किलोने वरखाली होऊ शकते, म्हणून एका दिवसाचा आकडा न धरता आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी.

१८. मोजणे कोणी टाळावे?

वाढत्या वयाची मुले, गरोदर व स्तनदा माता आणि खाण्याविषयी पूर्वी मानसिक त्रास झालेल्या व्यक्ती यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कॅलरी मोजून आहार कमी करू नये. काटा नसेल तर जेवताच येत नाही, कोणाकडे जेवायला जाण्याची भीती वाटते, असे होऊ लागले तर मोजणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांशी बोलावे. जेवणाच्या प्रमाणात इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पिष्टमय पदार्थांचे वजन बरोबर कळणे गरजेचे असते, म्हणून त्यांनी मोजणे स्वतःहून सोडू नये.

१९. स्वयंपाक आई करते. तिला प्रत्येक वेळी काटा वापरायला सांगणे बरे वाटत नाही. काय करावे?

सांगू नये. चाळीस वर्षे हाताच्या अंदाजाने चविष्ट स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला पदोपदी थांबवणे योग्य नाही, आणि त्याची गरजही नाही. तेलाचे भांडे, तुपाची बरणी आणि कुटाचा डबा रविवारी सकाळी आपण स्वतः तोलून ठेवावा, मध्ये भर घातली तर ती लिहावी आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोलावा. आठवड्यात जेवढे कमी झाले, त्याला जेवणाऱ्यांच्या संख्येने आणि सात दिवसांनी भागले की आपला रोजचा वाटा मिळतो. पोळ्यांसाठी पिठाच्या डब्याला हीच रीत लावावी. भात आणि भाजी ताटात घेताना ताट काट्यावर ठेवणे आपल्या हातात आहेच. त्यासाठी ओट्याशी जाण्याची गरज पडत नाही.